लोणारचं विवर आणि चंद्राचं पोट

अबुल फजलनं ‘ऐन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याची नोंद करताना मेहकर सरकारातल्या लोणारला जरा जास्तच जागा दिली आहे. कारण उघड आहे, महसूल. इथल्या डोंगरांत काच आणि साबण करायला लागणारा माल मिळतो, सोऱ्याचं उत्पन्नही चांगलं येतं, असं तो सांगतो. पुढं इंग्रजी अमदानीतही हा धंदा चालू होता. उन्हाळ्यात सरोवराचं पाणी मागं सरलं की काठावर क्षारांचा थर धरायचा. त्यांच्या प्रती ठरलेल्या होत्या आणि प्रत्येकीला नाव होतं: डल्ला, निमक डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की. कुठली प्रत बांगड्यांच्या काचेला, कुठली साबणाला, कुठली कापडाचा रंग पक्का करायला.

काचेसाठी लोक असे पिढ्यान्‌पिढ्या क्षार वेचत होते आणि तयार काच तिथंच आसपासच्या मातीत पडून होती. काळी, आत बुडबुडे असलेली, कुठं ओघळासारखी तर कुठं वाटाण्याहून लहान गोळ्यांसारखी. तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही आणि लक्ष द्यावं असं तिचं रूपही नव्हतं. तिचा अर्थ लागायला १९७२ साल उजाडलं. त्याआधी माणसाला चंद्रावर जाऊन दगड आणावे लागले.

लोणारची भूगोलातली ओळख शाळेतच झालेली असते, त्यामुळे थोडक्यात सांगतो. बुलढाणा जिल्हा, दख्खनचा काळा कातळ, त्यात जवळजवळ वर्तुळाकार खळगा. व्यास सुमारे १.८ किलोमीटर, काठावरून तळ्यापर्यंतची उतरण सव्वाशे-दीडशे मीटरची. काठ आजूबाजूच्या सपाट रानापेक्षा वीसेक मीटरनं उचललेला. आत खारं, अतिशय अल्कधर्मी पाणी. काठावरच्या धारेचं पाणी मात्र गोडं. उत्तरेला काही अंतरावर अंबर तळं नावाचा दुसरा, लहान खळगा.

पुराणातली गोष्ट सांगते की लवणासुर जमिनीखाली दडून बसला होता. विष्णूनं त्याच्या बिळावरचं झाकण पायाच्या अंगठ्यानं उडवलं आणि त्याला मारलं. गावातलं दैत्यसूदन मंदिर त्याच विष्णूचं. उडालेलं झाकण दूर जाऊन पडलं आणि त्याची टेकडी झाली, असंही सांगतात. पुराणकथांत विज्ञान शोधणाऱ्यांतला मी नाही. पण एवढं मान्य करावं लागतं की खड्डा आणि त्यातून दूर फेकला गेलेला ऐवज यांचा हिशेब एकत्र मांडणारी ही गोष्ट होती, आणि तो हिशेब भूशास्त्रज्ञांना बराच काळ जमला नव्हता.

१८२३ साली अलेक्झांडर नावाचा इंग्रज अधिकारी इथं येऊन गेला आणि त्यानं या जागेचं वर्णन छापलं. त्यानंतर आलेल्यांची रांगच आहे. पुढच्या दशकात माल्कमसन, मग विल्यम ब्लॅनफर्ड, आणि १९१२च्या सुमारास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे ला टूश आणि ख्रिस्ती. यांतले ब्लॅनफर्ड म्हणजे भारताच्या भूशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक. मेडलिकॉट यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेला १८७९चा ग्रंथ दोन-तीन पिढ्यांनी प्रमाण मानला. त्यात लोणारचं कारण दिलं होतं ज्वालामुखीचा स्फोट.

आज या निष्कर्षाला हसणं सोपं आहे. पण त्यांच्या जागी उभं राहून पाहावं. चहूकडे शेकडो किलोमीटर लाव्हाच लाव्हा. त्यात एक गोल खड्डा. कुणीही ज्वालामुखीच म्हणेल. ब्लॅनफर्ड यांना खटकलेली गोष्ट वेगळी होती: खड्ड्याभोवती नवा लाव्हा किंवा राख कुठंच दिसत नाही. म्हणून त्यांनी वाफेनं फुटलेला, राख न ओकणारा स्फोट कल्पिला. दख्खनचे लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, आणि खड्ड्याचा काठ मात्र कालपरवा उचलल्यासारखा. ही तफावत कुणाला नीट मोजता येत नव्हती, कारण दगडाचं वय काढायची विद्याच तेव्हा जन्मली नव्हती.

या चुकीला मोठ्या माणसांची सोबतही होती. अमेरिकन भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी १८९२ साली वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेतून रात्रीमागून रात्री चंद्र पाहिला आणि चंद्रावरची विवरं आघातानं झाली आहेत असं ठामपणे मांडलं. त्या काळात हे धाडस होतं. बहुतेकांच्या मते तीही ज्वालामुखींचीच तोंडं होती. पण हेच गिल्बर्ट आदल्या वर्षी ॲरिझोनातल्या कून ब्यूट या खड्ड्यावर जाऊन आले होते. त्या खड्ड्याभोवती लोखंडी अशनीचे तुकडे विखुरलेले. त्यांनी तपासण्या दोन ठेवल्या. आत मोठा लोखंडी गोळा पुरलेला असेल तर होकायंत्र हलेल. आणि बाहेर फेकलेला माल खड्ड्यात परत भरला तर गोळ्याच्या आकाराइतका तो जास्त भरेल. होकायंत्र हललं नाही, माल जास्त भरला नाही. प्रामाणिक माणसाप्रमाणे त्यांनी स्वतःचाच आवडता तर्क बाजूला ठेवला आणि १८९६ साली हा खड्डा वाफेच्या स्फोटाचा असल्याचं जाहीर केलं. त्या मांडणीत आधाराला त्यांनी आणखी एक खड्डा घेतला होता, आपल्या वऱ्हाडातल्या लोणारचा. म्हणजे सारखेपणा त्यांनी अचूक हेरला होता. दोन्ही खड्डे एकाच जातीचे आहेत हे बरोबर, फक्त जात चुकली.

त्यांच्या तपासणीत न बसलेली बाब वेगाची होती. सेकंदाला पंधरा-वीस किलोमीटर वेगानं येणारा धोंडा जमिनीत रुतून बसत नाही. क्षणार्धात त्याची सारी गती उष्णता आणि धक्क्यात बदलते, धोंडा बव्हंशी वाफ होऊन जातो आणि खड्डा पाडतो तो धक्का. त्यामुळे धोंड्याच्या कितीतरी पट मोठा खड्डा उरतो आणि धोंडा उरतच नाही. लोणारला आदळलेला अशनी शंभर मीटरहूनही लहान असावा. ॲरिझोनातल्या त्याच कून ब्यूटमध्ये डॅनियल बॅरिंजर यांनी लोखंडाच्या खाणीच्या आशेनं वर्षानुवर्षं पैसा ओतून खोदकाम केलं. खड्डा अशनीचाच हा त्यांचा तर्क बरोबर होता, पण लोखंड मिळालं नाही आणि १९२९ साली ते वारले.

हे कोडं सुटलं ते बॉम्बमुळे. यूजीन शूमेकर यांनी नेवाडातल्या अणुचाचण्यांत पडलेले खड्डे अभ्यासले आणि ॲरिझोनाच्या खड्ड्याची ठेवण तशीच असल्याचं दाखवलं. थर उलटे पालथे झालेले, वरचा खाली आणि खालचा वर. मग १९६० साली चाओ आणि शूमेकर यांच्या गटाला तिथल्या वालुकाश्मात कोएसाइट सापडलं. हा गारेचाच, म्हणजे क्वार्ट्झचाच, प्रचंड दाबाखाली होणारा प्रकार. भूपृष्ठावर असा दाब ज्वालामुखी देऊ शकत नाही. खूण हाती आली आणि जगभरचे गोल खड्डे पुन्हा उकरले जाऊ लागले.

लोणारवर बोट ठेवलं ते १९६४ साली, दोन समुद्रशास्त्रज्ञांनी. यूजीन लाफोंड यांनी वाल्टेअरच्या आंध्र विद्यापीठात बंगालच्या उपसागराचा अभ्यास केलेला. त्यांचे सहकारी रॉबर्ट डिट्झ समुद्रतळ पसरत जातो ही कल्पना मांडणाऱ्यांपैकी एक. ‘लोणार अशनिपाताचं विवर तर नव्हे?’ असा प्रश्न त्यांनी शीर्षकातच ठेवला. बाहेरून आलेल्या माणसांना कातळाची भीड नव्हती, असं मला वाटतं. लाव्हाच्या देशात लाव्हाच दिसावा ही सवय त्यांना लागलेली नव्हती.

पण पुरावा? ॲरिझोनाची किल्ली इथं लागत नव्हती. कोएसाइट व्हायला क्वार्ट्झ हवं आणि दख्खनच्या बेसॉल्टमध्ये क्वार्ट्झ जवळजवळ नाहीच. या काळ्या कातळात मुख्यतः दोन खनिजं, प्लॅजिओक्लेज आणि पायरॉक्सिन. त्यांच्यावर असा धक्का बसला तर काय होतं, हे कुणी निसर्गात नीट पाहिलेलंच नव्हतं. आणि नेमका याच वेळी तसा दगड अचानक पृथ्वीवर येऊन पोचला. चंद्रावर जे काळपट डाग आपल्याला दिसतात, ज्यांना ‘समुद्र’ म्हणतात, ते बेसॉल्टचेच. अपोलो ११ उतरलं ते अशाच एका समुद्रात.

ऑक्टोबर १९६९मध्ये आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स जगाच्या दौऱ्यावर मुंबईला आले तेव्हा त्यांना पाहायला लोटलेली गर्दी जुन्या मुंबईकरांना आठवते. त्याच शहरात, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, देवेंद्र लाल यांचा गट होता. अपोलोच्या नमुन्यांचे काही कण या गटाच्या सूक्ष्मदर्शकाखाली आले. भंडारी, भट, लाल, राजगोपालन, ताम्हणे आणि वेंकटवरदन या नावांनी १९७१च्या चंद्रविज्ञान परिषदेच्या कार्यवृत्तात निबंध छापले गेले. मराठी वाचकाला त्यांतलं एक नाव घरचं वाटेल.

त्यांचं काम वर्णन करायला साधं आहे, करायला कटकटीचं. चंद्राला हवा नाही, त्यामुळे विश्वकिरणांतले जड कण थेट मातीतल्या दाण्यांत घुसतात आणि स्फटिकात इजा झालेली एक सूक्ष्म रेघ सोडतात. दाणा घासून गुळगुळीत करायचा, कॉस्टिक सोड्यासारख्या द्रावणात उकळायचा, म्हणजे रेघा खोदल्या जाऊन दिसू लागतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली त्या मोजत बसायचं. लोखंडाच्या जातीचे हे कण फार खोल जाऊ शकत नाहीत. तेव्हा रेघा दाट असतील तर तो दाणा कधीतरी अगदी वर, उघड्यावर होता. खोलवरून काढलेल्या मातीतही असे दाट रेघांचे दाणे सापडतात. म्हणजे चंद्राची माती कुणीतरी सतत वरखाली करत असतं. हे काम लहानमोठ्या अशनींचं. कोट्यवधी वर्षांच्या या माऱ्यानं चंद्राच्या समुद्रांवर काही मीटर जाडीचा भुगा साचला आहे. १९७२ साली लाल अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे संचालक झाले, त्यांचे सहकारीही तिकडे गेले, आणि चंद्राच्या दगडांचं भारतातलं ठाणं मुंबईहून अहमदाबादला हललं. ते आजही तिथंच आहे.

इकडे लोणारला यंत्रं आली होती. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, वॉशिंग्टनची स्मिथसोनियन संस्था आणि अमेरिकेचं भूवैज्ञानिक सर्वेक्षण यांनी मिळून विवराच्या तळात भोकं पाडली आणि काठावर चर खणले. तळ्याखाली सुमारे शंभर मीटर गाळ, त्याखाली फुटलेल्या दगडांचा चुरा, आणि त्या चुऱ्यात हवा असलेला पुरावा. दरम्यान १९७२ साली व्ही. के. नायक यांनी तिथल्या काचेकडे बोट दाखवून ही अशनिपाताची खूण असावी असं प्रसिद्ध केलं होतं. मे १९७३मध्ये ‘सायन्स’ या साप्ताहिकात फ्रेड्रिकसन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांचा तीन पानी लेख आला आणि वाद मिटला.

त्या पुराव्यातला एक तुकडा जवळून पाहण्यासारखा आहे. विवरातला दगड कागदापेक्षा पातळ कापून ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला की प्लॅजिओक्लेजच्या लांबट पट्ट्या दिसतात. साध्या बेसॉल्टमध्ये, काच फिरवत गेलं की या पट्ट्या उजळतात, मावळतात, पुन्हा उजळतात, कारण त्या स्फटिक आहेत. लोणारच्या तळातल्या काही तुकड्यांत पट्टीचा आकार जसाच्या तसा, कडा सरळ, शेजारचं पायरॉक्सिन जागच्या जागी. पण फिरवा कितीही, पट्टी काळीच राहते. न वितळता, आकार न मोडता, आतली अणूंची मांडणी विस्कटून तिची काच झालेली असते. या काचेचं नाव मास्केलिनाइट. ती व्हायला वातावरणाच्या दोन-अडीच लाख पट दाब लागतो. पृथ्वीच्या कवचात शांतपणे असा दाब मिळत नाही, ज्वालामुखीत तर नाहीच.

मास्केलिनाइटची ओळखही भारतातल्याच दगडावरून झाली होती. २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमधल्या शेरघाटीत एक अशनी पडला. व्हिएन्नाच्या चेरमाक यांनी १८७२ साली त्याच्यात ही काच पाहिली आणि तिला नाव दिलं. तो दगड मंगळावरचा आहे हे कळायला मात्र आणखी शंभरावर वर्षं गेली. शेरघाटीत पडलेली गोष्ट समजायला लोणार लागलं आणि लोणार समजायला शेरघाटी. दोन्ही ठिकाणच्या गावकऱ्यांना याचा पत्ता असायचं कारण नव्हतं.

चरांमध्ये याहून जास्त पोळलेले तुकडे मिळाले. प्लॅजिओक्लेज पार वितळून फेसाळलेले, आणि संपूर्ण दगड वितळून झालेले गोळे, काही मुठीएवढे, काही मिलिमीटरभर. तेव्हा बेसॉल्टमधलं पृथ्वीवर माहीत असलेलं एकमेव आघातविवर लोणारच होतं, आणि लेखकांनी आपल्या निबंधात स्पष्ट म्हटलं की अपोलोनं आणलेल्या चुऱ्याशी आणि गोळ्यांशी जुळणारं साहित्य इतर कुठल्याही विवरापेक्षा इथं जास्त मिळतं. नंतर ब्राझीलमध्ये बेसॉल्टमधली आणखी विवरं सापडली, त्यामुळे ‘एकमेव’ हा शब्द आता चालत नाही. पण ती जुनी आणि झिजलेली आहेत. लोणारइतका ताजा काठ त्यांना नाही. १९७६ साली सुसान कीफर यांनी लोणारच्या दगडांची धक्क्याच्या तीव्रतेनुसार उतरंड लावली, किती दाबाला काय होतं याची, आणि ती चंद्राच्या दगडांना लावून पाहता येऊ लागली.

हे सगळं लोणारलाच का टिकलं? मी हे लिहितो आहे गाझियाबादेत, हिंडन नदीच्या काठच्या मैदानात. इथं बोअर मारायला लागलं तर गाळ, वाळू, पुन्हा गाळ. दगड लागायचं नाव नाही. हिमालयातून आलेल्या नद्यांनी हे सगळं रान भरून काढलं आहे. उद्या इथं लोणारएवढं विवर पडलं तर नद्या ते भरून टाकतील आणि लाखभर वर्षांनी त्यावर शेत असेल. गंगेच्या मैदानात आजवर किती खड्डे असे बुजले, कोण सांगणार. भारतात आतापर्यंत तीनच विवरं आघाताची म्हणून मान्य झाली आहेत: लोणार, मध्य प्रदेशात शिवपुरीजवळचं ढाला आणि राजस्थानात बारां जिल्ह्यातलं रामगड. तिन्ही पठारी, खडकाळ मुलखात. गाझियाबादेला त्यातल्या त्यात जवळची रामगड आणि ढाला, पण दोन्ही इतकी झिजलेली की प्रवाशाला ‘हे बघ विवर’ म्हणून दाखवावं लागतं. चंद्रावर नदी नाही, पाऊस नाही, हिमालय नाही. तिथं जे पडलं ते तसंच आहे.

पण चंद्रावरच्या विवरांचं महत्त्व नुसतं पृष्ठभागापुरतं नाही. चंद्राच्या पोटात काय आहे हे कळायचे मार्ग थोडे आहेत आणि त्यांपैकी बहुतेक आघातांतून जातात. मोठं विवर म्हणजे फुकटची खाण. ते खोलवरचा दगड वर आणून आसपास पसरतं. आणि आघाताचा धक्का चंद्रभर लाटा पाठवतो, त्या दुसरीकडे पोचायला किती वेळ लागला यावरून आतला दगड कसा आहे ते कळतं.

दुसरा मार्ग अपोलोच्या माणसांनी मुद्दाम वापरला. २० नोव्हेंबर १९६९ रोजी अपोलो १२चे अंतराळवीर मुख्य यानात परतल्यावर रिकामं झालेलं चांद्रयान त्यांनी चंद्रावर आदळवलं. आधी ठेवून आलेल्या भूकंपमापकात थरथर नोंदली गेली आणि ती जवळजवळ तासभर थांबेना. शास्त्रज्ञ चकित झाले. चंद्र घंटेसारखा घुमला असं तेव्हा म्हटलं गेलं. पुढच्या एप्रिलमध्ये अपोलो १३चं चंद्रावर उतरणं रद्द झालं, जीव वाचवणंच मुश्किल झालं होतं. पण त्याच्या अग्निबाणाचा तिसरा टप्पा ठरल्याप्रमाणे चंद्रावर जाऊन आदळला आणि लहर तीन तासांहून अधिक चालली. त्या फसलेल्या मोहिमेनं विज्ञानाला दिलेली हीच मोठी देणगी, आणि मोहिमेवरच्या सिनेमात या देणगीला फारशी जागा नाही.

चंद्र पोकळ आहे म्हणून तो घुमला असं कुणी म्हणेल, तर तसं नाही. त्याचं कवच कोरडं आणि चिरफाळलेलं आहे. लाट एका भेगेवरून दुसरीवर आपटत राहते, आणि तिची शक्ती शोषून घेणारं पाणी तिथं नाही. आणि त्या भेगा पाडल्या कुणी? चार अब्ज वर्षांच्या अशनिपातानं. २०१२ साली ‘ग्रेल’ या दोन जुळ्या यानांनी चंद्राचं गुरुत्व बारकाईनं मोजलं तेव्हा हे आकड्यांत दिसलं. चंद्राच्या कवचाचा सरासरी बारा टक्के भाग पोकळ, म्हणजे भेगा आणि फटी. जाडी आधी धरली होती त्याहून कमी, साधारण ३४ ते ४३ किलोमीटर.

अपोलोची चार केंद्रं ३० सप्टेंबर १९७७ रोजी बंद करण्यात आली, कारण पैसा. तोवर त्यांनी हजारो कंप आणि अशनींचे शेकडो आघात नोंदले होते. ही नोंद जपून ठेवली होती हे बरं झालं. २०११ साली रेनी वेबर आणि सहकाऱ्यांनी तीच जुनी नोंद नव्या गणितानं तपासली आणि चंद्राच्या मधोमध सुमारे २४० किलोमीटर त्रिज्येचा घन गाभा, त्याभोवती द्रव कवच असल्याचं मांडलं.

आता पहिला मार्ग, खाणीचा. अपोलो ११च्या काळ्या मातीत थोडेसे पांढरे कण निघाले होते. १९७०च्या जानेवारीत ह्यूस्टनला भरलेल्या परिषदेत जॉन वुड आणि सहकाऱ्यांनी या कणांवर मोठा इमला उभा केला. हे कण ॲनॉर्थोसाइटचे, म्हणजे जवळपास निव्वळ प्लॅजिओक्लेजचे, आणि ते समुद्रातले नव्हेत, दूरच्या डोंगरांतून आघातांनी उडून आलेले. डोंगर जर या हलक्या खनिजाचे असतील तर चंद्र सुरुवातीला वितळलेल्या खडकाचा महासागर असला पाहिजे, हलकं ते वर तरंगलं आणि जड ते खाली बसलं. चिमूटभर पांढऱ्या कणांवरून एवढी झेप! पण ती टिकली. २००९च्या सुमारास चंद्रयान-१वरच्या नासाच्या उपकरणानं ओरिएंताल खोऱ्याच्या कड्यांत निव्वळ प्लॅजिओक्लेजचे मोठे पट्टे दाखवले.

भारताचा चंद्राशी पहिला स्पर्शही आघातानंच झाला हे आपण विसरतो. १४ नोव्हेंबर २००८ रोजी चंद्रयान-१नं सोडलेली पेटी दक्षिण ध्रुवाजवळ शॅकलटन विवरापाशी मुद्दाम आदळवली गेली.

मग २३ ऑगस्ट २०२३. चंद्रयान-३चा विक्रम उतरला आणि प्रज्ञान गाडी अहमदाबादच्या त्याच प्रयोगशाळेत बनलेलं क्ष-किरण वर्णपटमापक घेऊन निघाली. शंभरेक मीटरच्या फेरीत तिनं २३ जागी माती तपासली. एका वर्षानं, ऑगस्ट २०२४मध्ये, ‘नेचर’मध्ये निष्कर्ष आला. दक्षिणेकडची ती मातीही ॲनॉर्थोसाइटच्याच कुळातली, म्हणजे वितळलेल्या महासागराची कल्पना आता ध्रुवाकडच्या जमिनीवरूनही खरी ठरली. पण मॅग्नेशियम अपेक्षेपेक्षा जास्त निघालं. ही खालच्या थरातली भेसळ. उतरण्याच्या जागेपासून साडेतीनशे किलोमीटरवर दक्षिण ध्रुव-एटकेन खोऱ्याचा काठ आहे. अडीच हजार किलोमीटर रुंदीचं हे खोरं चंद्रावरच्या सर्वांत जुन्या आणि मोठ्या आघाताचं. त्यानं खोलवरचा दगड उडवून इथवर पसरला असावा असा प्रयोगशाळेच्या गटाचा अर्थ. लोणारच्या काठाबाहेर शेतांत पसरलेला चुरा आणि ही चंद्रावरची माती, दोन्हीचं काम एकच: खालचं वर आणून ठेवलेलं वाचणं.

एक प्रश्न मात्र लोणारला अजून नीट सुटलेला नाही, वयाचा. काचेच्या उष्मादीप्तीवरून सेनगुप्ता, भंडारी आणि वातानाबे यांनी १९९७ साली सुमारे ५२ हजार वर्षं हे वय काढलं, आणि पाट्यांवर, पुस्तकांत, वर्तमानपत्रांत तेच रुजलं. २०११ साली जूर्दाँ आणि सहकाऱ्यांनी त्याच जातीच्या वितळलेल्या दगडात आर्गॉनच्या समस्थानिकांवरून वय काढलं तर ते निघालं सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं. दहापटीचा फरक. मला दुसरा आकडा पटतो. काचेत साठलेली उष्मादीप्ती काळाबरोबर गळून जाऊ शकते आणि मग वय कमी भासतं. पण पहिल्या आकड्याच्या बाजूचे लोक अजून आहेत, आणि गावातला गाईड तर ५२ हजारच सांगणार.

लोणारच्या भिंतीचं एक महत्त्वाचं वाचन हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतल्या पी. सेंथिल कुमार यांचं आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या कामात त्यांनी विवराच्या भिंतीतले लाव्हाचे थर कसे बाहेरच्या बाजूला कलले आहेत आणि धक्क्यानं पडलेल्या भेगा कुठून कुठं धावतात, हे काठ फिरून मोजलं. लाव्हा थंड होताना ज्या जुन्या भेगा पडल्या होत्या त्या कोणत्या आणि आघाताच्या कोणत्या, हे वेगळं काढणं हाच त्यातला कस. त्यानंतर त्यांनी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडच्या श्रोडिंगर खोऱ्याची यानांनी काढलेली छायाचित्रं घेतली आणि तिथल्या उतारांवर घरंगळलेल्या दगडांचे माग शोधले. २०१६ साली त्यांनी मांडलं की यांतले काही दगड अलीकडच्या चंद्रकंपांनी आणि लहान आघातांनी सुटून खाली आले असावेत. माग ताजे आहेत, त्यांच्यावर नंतरच्या अशनींचे खड्डे पडलेले नाहीत. म्हणजे चंद्राच्या पोटात अजून काहीतरी हलतं आहे. त्याच श्रोडिंगर खोऱ्यात भूकंपमापक पाठवायचा नासाचा बेत आहे. तो पोचला तर पृथ्वीवरून कधीच न दिसणाऱ्या बाजूचे कंप प्रथमच त्या बाजूवरून ऐकले जातील.